कातडीबचाऊ

आमच्या लहानपणी फेलोशिप ‘मिळायची’. कुणाला तरी फुलब्राइट मिळाली, कुणी तरी कॉमनवेल्थवर विलायतेला गेलं, की वर्तमानपत्रात फोटो यायचा आणि आळीत पेढे वाटले जायचे. म्हणजे कुणीतरी आपल्याला पैसे द्यायचं, राहायची सोय करायचं आणि म्हणायचं, बाबा रे, वर्ष-दोन वर्षं दुसऱ्या कशाची काळजी करू नकोस, हा एक विषय धरून बस. आता फेलोशिप ‘करायची’ असते, आणि पुष्कळ वेळा आपणच पैसे भरून करायची असते. क्रियापद बदललं की बरंच काही बदलतं.

हा विषय निघायचं कारण माझी भाची. मुंबईतल्या एका सरकारी कॉलेजातून ती यंदा त्वचारोगाची एम. डी. झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने पुढे काय करावं याबद्दल इतके तज्ज्ञ बोलतायत की तिला स्वतःला बोलायला जागा उरलेली नाही. भावोजी म्हणतात लेझरची फेलोशिप कर. न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो इकडे ये. ताईचं ‘आधी लग्न’ हे पालुपद चालूच आहे. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, कारण माझं म्हणणं तीन ओळींत मावणारं नाही. म्हणून इथे लिहितोय. नातेवाईक मंडळींनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं :)

ज्यांना या क्षेत्राची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेत जे वरच्या क्रमांकाने येतात ते ज्या दोन-तीन शाखा आधी उचलतात त्यांत त्वचारोग ही एक. खासगी आणि अभिमत महाविद्यालयांत या जागेची तीन वर्षांची फी कोटीच्या घरात जाते. कारण उघड आहे. जुना विनोद आहेच की त्वचारोगतज्ज्ञाचा पेशंट मरत नाही, पुरता बराही होत नाही आणि रात्री दोन वाजता दार ठोठावत नाही. (भाचीला हा विनोद अजिबात आवडत नाही. औषधाची रिअॅक्शन येऊन अंगभर कातडी सुटलेले पेशंट तिने रात्र-रात्र सांभाळले आहेत.) पदवीचं पूर्ण नाव मात्र कुणी घेत नाही. ते आहे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. तीन शब्दांतला पहिला पाटीवर मोठ्या अक्षरात येतो, बाकीचे दोन बारीक टायपात, नाहीतर येतच नाहीत.

एम. डी. नंतर फेलोशिप. त्वचेच्या शस्त्रक्रियेची, लेझरची, केसांची, लहान मुलांच्या त्वचारोगांची, त्वचेच्या पॅथॉलॉजीची. बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची त्वचा-शस्त्रक्रियेची फेलोशिप आहे. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेही फेलोशिपचे अभ्यासक्रम असतात. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना तरुण डॉक्टरांना थोडे दिवस एखाद्या मोठ्या केंद्रात बसून बघायची संधी देते. हे सगळं चांगलंच आहे. पण यांच्याच ओळीत आणखी एक प्रकार येऊन उभा राहिलाय. भाचीने मला एका खासगी क्लिनिकचं पत्रक दाखवलं. सहा आठवडे, फी लाखांत, शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. पत्रकात यंत्रांची नावं होती, कंपन्यांची नावं होती. रोगाचं एकही नाव नव्हतं.

आता हा मामा लेझरवाल्यांना झोडपणार, असं वाटत असेल तर तसं नाही. कोड आलेल्या मुलीच्या कपाळावर स्वतःच्याच कातडीतल्या रंगपेशी लावून डाग भरून येतो, तेव्हा त्या घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. मुरमांच्या खड्ड्यांमुळे मान खाली घालून वावरणारा मुलगा वर बघायला लागतो. याला कुणी ‘नुसतं सौंदर्य’ म्हणत असेल तर त्याने आपल्या चेहऱ्याकडे पाहावं आणि नशिबाचे आभार मानावेत. माझी तक्रार वेगळी आहे. एम. डी. नंतरचं शिक्षण यंत्राभोवती आणि शहराभोवती बांधलंय. गावाभोवती आणि ऋतूभोवती बांधलेलं शिक्षण कुठे आहे?

ऋतू म्हणजे काय ते सांगतो. आम्हा कोकणातल्या माणसांच्या कातडीला कॅलेंडर आहे.

फेब्रुवारीपासून काजू. ओले काजूगर तुम्ही उसळीत खाता, शेकड्याने मोजून घेता. ते सोलणाऱ्या बायकांचे हात कधी बघितलेत? काजूच्या टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात आणि त्यात दाहक तेल असतं. हाताला राख नाहीतर खोबरेल चोळून त्या सोलायला बसतात. तरी मोसम संपेपर्यंत बोटं काळी पडून सालपटं निघतात. मग एप्रिल-मे, आंबा. देठ तुटला की चीक उडतो. गालावर, मनगटावर, कधी डोळ्याजवळ. भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि काळा डाग कित्येक महिने राहतो. मुलं कैरी तशीच दाताने तोडतात आणि ओठ सुजवून घेतात. आंबा, काजू आणि बिब्बा हे तिघे एकाच कुळातले, आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही त्यांचीच चुलत बहीण (आतेभावाला हे सांगितलं तेव्हा त्याला एकदम माझा विषय महत्त्वाचा वाटायला लागला). ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा काढला त्याने बिब्बा उतलेला माणूस नक्की पाहिला असणार. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याची शाई वापरायचे आणि गोऱ्या सोजिरांना मानेला, कंबरेला, जिथे खूण टेकायची तिथे फोड यायचे. आमच्या गावाला अजून कॅम्प दापोली म्हणतात. इथल्या पलटणीतही कुणाला तरी ते आलेच असतील असं मला आपलं वाटतं.

इथे एक फरक समजून घेण्यासारखा आहे. चीक लागताक्षणी भाजणं वेगळं आणि चिकाची ॲलर्जी असणं वेगळं. ॲलर्जीचा पुरळ लगेच येत नाही, दिवस-दोन दिवसांनी उठतो, आणि एकदा शरीराने त्या पदार्थाशी वैर धरलं की ते सहसा आयुष्यभर सुटत नाही. ज्याला आंब्याच्या चिकाची ॲलर्जी आहे त्याला काजूचं तेलही बाधू शकतं. हे कळलं तर बागेत कोणतं काम करावं आणि कोणतं टाळावं हे त्या माणसाला सांगता येतं. कळायचा मार्ग म्हणजे पॅच टेस्ट. संशयित पदार्थ ठरलेल्या प्रमाणात छोट्या वाट्यांमध्ये घालून पाठीवर चिकटवायचे, दोन दिवसांनी काढून बघायचं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. म्हणजे पेशंटने आठवड्यात तीनदा यायचं. दापोलीच्या एखाद्या वाडीतल्या गड्याला ही टेस्ट मुंबईत करून घ्यायची तर मोसमातली आठवडाभराची मजुरी गेली, वर खेडपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. कोण करणार? तो हाताला मुठेल चोळतो आणि दुसऱ्या दिवशी परत बागेत जातो.

मग जून. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत चड्डी-बनियन चार दिवस वाळत नाही, चुलीवर नाहीतर पंख्याखाली धरून अर्धं ओलंच अंगात चढतं. लावणीला गेलेल्या बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या. आणि नायटा. नायटा कोकणाला नवा नाही, पण गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने जे रूप घेतलंय ते नवं आहे. पूर्वी महिनाभर मलम लावलं की जायचा. आता घरातल्या पाच माणसांना एकदम असतो, वर्ष-वर्ष जात नाही, मांड्यांवरून पोटावर, पाठीवर, चेहऱ्यावर येतो.

यातला अर्धा गुन्हेगार ट्यूब आहे. मेडिकलच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून घेतलेल्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जबरदस्त स्टेरॉइड असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश. बुरशी त्याहून खूश, कारण तिला हुसकावणारी शरीराची फौजच झोपवलेली असते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळी. नायट्याचं नेहमीचं गोल कडं मोडतं, ओळखू येईनासं होतं, आणि जांघेत कातडी पातळ होऊन पोटुशी बाईच्या पोटावर असतात तशा भेगांच्या रेघा उमटतात. त्या मात्र जन्मभर राहतात. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे. ट्यूबही आहे.

दुसरा अर्धा गुन्हेगार बुरशीच. टर्बिनाफिन या भरवशाच्या गोळीला ती दाद देईनाशी झाली. ज्या एन्झाइमवर ही गोळी मारा करते त्याच्या जनुकातच बदल झालेत, हे दिल्ली आणि चंदीगडच्या प्रयोगशाळांनी २०१८ च्या सुमारास दाखवून दिलं. २०२० साली या बुरशीला स्वतंत्र नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नाव दिलं जपानमधल्या संशोधकांनी, तिकडे गेलेल्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन पेशंटची नोंद झाली आणि अमेरिकेच्या आरोग्यखात्याने डॉक्टरांना सावध केलं. आमच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार असतात, चार-सहा जण एका खोपीत राहतात, एका दोरीवर कपडे वाळत घालतात. ती बुरशी कुठून कशी कुठे जाते याचा अभ्यास करायला याहून चांगली जागा कोणती?

आणि हा अभ्यास म्हणजे काही रॉकेट उडवायचं नाही. चट्ट्याच्या कडेवरून थोडा कोंडा खरवडायचा, काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकायचे, जरा थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसले तर दिसले. शाळेच्या प्रयोगशाळेत चालतं तसलं सूक्ष्मदर्शक यंत्र पुरतं. संवर्धनासाठी नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. अडतं ते यंत्राशी नाही. दर आठवड्याला, पावसाळाभर, त्याच वाड्यांतल्या त्याच माणसांना पुन्हा पुन्हा बघणारं कुणी नसतं.

मी डॉक्टर नाही. कृषी विद्यापीठात नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झालो, त्यामुळे माझी तुलना तिथूनच येणार. पूर्वी आंबा काढायच्या झेल्याने फळ ओढलं की देठ तुटून चीक सालीवर पसरायचा आणि डागळलेला आंबा बाजारात पडायचा. विद्यापीठाने ‘नूतन’ झेला काढला, त्यात देठासकट फळ कापून येतं. आज तो कोकणात सगळीकडे दिसतो. हा झेला दिल्लीत किंवा मुंबईत सुचला नसता. ज्या संस्थेच्या दारातच कलमं आहेत तिथेच तो सुचतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला कृषीची पोरं ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवतात, ती शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहतात. थोडक्यात, आंब्याच्या कातडीसाठी दापोलीत एक आख्खं विद्यापीठ आहे. तो काढणाऱ्याच्या कातडीसाठी वर्षभर ठाण मांडून बसलेला एक तरी माणूस असावा, एवढंच माझं मागणं आहे.

असा माणूस असला की काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. ग्रेज् ॲनाटॉमी हे पुस्तक डॉक्टर लोकांना बायबलसारखं. १८५८ साली ते निघालं, त्यातली चित्रं काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुणाने. पुस्तकावर मोठं नाव ग्रेचं झालं आणि कार्टर त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरीत येऊन पडला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, मग १८६३ पासून जवळजवळ नऊ वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन. म्हणजे आमच्यापासून फक्त एक सह्याद्री पलीकडे! तिथे त्याने कुष्ठरोग्यांच्या नोंदी ठेवल्या, तपासण्या केल्या, चित्रं काढली. रजा मिळाल्यावर तो १८७३ मध्ये नॉर्वेला गेला, कारण तेव्हा कुष्ठरोगाचं सर्वात पद्धतशीर काम तिथे चालू होतं, आणि त्याच वर्षी हॅन्सनने तिथे कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. कार्टर परत आला तो पुन्हा इथल्याच पेशंटांत काम करायला. पायाला गाठी आणि भोकं पडून त्यातून दाणे येणाऱ्या ‘मदुरा फूट’ या रोगावरचं त्याचं पुस्तक १८७४ चं, तो रोग बुरशीचा आहे हे त्याने मांडलं. फेलोशिप हा शब्द कुणी त्याच्यापुढे उच्चारला नसेल. पण जिल्ह्यात राहून बघणं, मग जगातल्या उत्तम जागी जाऊन शिकणं, आणि परत येणं, ही त्याची जी चाल आहे, तिला मी फेलोशिप म्हणतो. हल्ली पहिली पायरी गाळून लोक थेट दुसरीवर जातात आणि तिसरीचं विसरतात.

दुसरं उदाहरण गाजर गवताचं. १९५६ च्या सुमारास पुण्यात हे गवत पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बघता बघता रस्त्याच्या कडा, पडीक रानं त्याने व्यापली. मग शेतात राबणाऱ्या माणसांचे चेहरे, मान, कोपरांचे खळगे सुजून, जाड होऊन, चिरायला लागले. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या त्वचारोगाचा संबंध त्या गवताशी जोडला आणि लंडन-कॅनडातल्या तज्ज्ञांबरोबर १९७४ मध्ये तो जगापुढे मांडला. आज कुठल्याही पुस्तकात गाजर गवताची ॲलर्जी सापडते. ती आधी पुण्याच्या आसपासच्या शेतांत सापडली होती.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण मला सगळ्यात जास्त पटलेलं. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयाला जोडून १९९२ मध्ये त्वचारोगाचं एक प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतून आरोग्य कर्मचारी येतात, दोन वर्षं तिथेच राहून त्वचारोग आणि कुष्ठरोग शिकतात आणि आपापल्या जिल्ह्यांत परततात. त्या भागात जन्मतः रंगद्रव्य नसलेली पुष्कळ माणसं आहेत, उन्हाने त्यांना तरुणपणीच कातडीचा कॅन्सर होतो. तर त्यांच्यासाठी त्या केंद्राने तिथल्या तिथे सनस्क्रीन बनवायला घेतलं. आमच्या झेल्याचाच भाऊ तो!

आता भाचीचं. सरकारी कॉलेजातून एम. डी. झाल्यावर महाराष्ट्रात एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते, नाहीतर ५० लाख रुपये दंड. आमच्या ग्रुपवर या वर्षाचा उल्लेख ‘बाँड निघून जाऊ दे, मग बघू’ असाच होतो. जणू काही ती पनवती आहे. बहुतेक मुलांचा प्रयत्नही असा की ते वर्ष मोठ्या शहरातल्या कॉलेजातच निघावं. शिकतानाही २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणं सक्तीचं झालंय. भाचीने ते काढले, ऑगस्ट ते ऑक्टोबर. तेवढ्यात तिने नायटा पोटभर पाहिला, पण आंब्याचा चीक, काजूचे हात तिच्यासाठी पुस्तकातच राहिले. तीन महिन्यांत कोकणाच्या कातडीचं एकच पान उलटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ते बंधपत्राचं वर्ष हीच फेलोशिप करा. पगार सरकार तसाही देतंच. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्याला एक अभ्यासक्रम, एक मार्गदर्शक आणि शेवटी एक प्रमाणपत्र द्यावं (सोनेरी किनार नसली तरी चालेल). दापोलीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात जून ते मे असं पूर्ण वर्ष. एक सूक्ष्मदर्शक, पॅच टेस्टचं साहित्य, आठवड्यातून एक दिवस हर्णै बंदरावर किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. वनस्पती ओळखायला आणि चिकाचे नमुने घ्यायला कृषी विद्यापीठ दोन पावलांवर आहे.

भाचीशी यावर फोनवर बराच वेळ बोललो. तिने पैशाचं नाव काढलं नाही, गैरसोयीचंही नाही. ती म्हणाली, “मामा, पटतंय रे. पण तिथे माझं काही चुकलं तर मला सांगणारं कोण असेल?”

हा खरा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शहरातल्या फेलोशिपला लोक यंत्रासाठी जातात हे अर्धसत्य आहे. शेजारच्या खोलीत आपल्याहून मोठं कुणीतरी असतं आणि अडलं की दार ढकलून विचारता येतं, म्हणूनही जातात. खेड्यात धाडलेला डॉक्टर बहुधा कामाने मोडत नाही, एकटेपणाने मोडतो. म्हणून मार्गदर्शक कागदावर नको, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पडद्यावर समोर बसणारा हवा. दूरवैद्यकाची सरकारी ई-संजीवनी सेवा २०१९ पासून आहे, आणि त्वचारोग ही तर फोटोवरून बरंचसं समजणारी शाखा. सावर्ड्याजवळ डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने महिन्यातून एकदा येऊन अवघड पेशंट स्वतः तपासावेत. एवढं नसेल तर मीच तिला सांगेन, येऊ नकोस. नुसत्या देशसेवेच्या भाषणावर पोरांना एकटं पाठवणं मला मान्य नाही.

पदवीतल्या त्या तिसऱ्या शब्दाचं राहिलंच. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी. लोकांनी त्याचा अर्थ ‘संपला’ असा घेतला. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त अजून भारतातच सापडतात. बाबा आमटे आनंदवन उभं करायच्या सुमारास कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले होते, आणि ते तर वकील! बधिर चट्ट्यावरून कापूस फिरवून बघायचा, कोपरामागची शीर जाड लागते का ते बोटांनी चाचपायचं, यात यंत्र काहीच नाही. पण बोटांना ती शीर ‘कळायला’ शंभर माणसांची कोपरं चाचपावी लागतात. गावात राहिल्याशिवाय ती शंभर कोपरं येणार कुठून?

भावोजी म्हणतील, वर्षाने ती जाणारच ना परत, मग उपयोग काय. जाऊ दे की. लेझर शिकायचं असेल तर शिकू दे, मी अडवणार नाही. तिच्या जागी पुढच्या जूनला दुसरा कुणी येईल आणि टेबलाच्या खणात त्याला तिचं रजिस्टर मिळेल. कुठल्या वाडीत कुठल्या घरातल्या सगळ्यांना नायटा आहे, कुणी कोणती ट्यूब किती महिने लावली, कोणत्या गड्याला चिकाची ॲलर्जी निघाली आणि त्याला झाडावर न चढवता पेट्या भरायच्या कामावर ठेवा असं बागायतदाराला सांगितलं होतं ते त्याने ऐकलं का, आणि कोणत्या मुलाच्या कोपरामागची शीर सहा महिन्यांनी पुन्हा बघायची आहे.